चीफ डॅन जॉर्ज यांचं नाव राहिलं
कॅनडाच्या चरित्र अभिनेत्यांबद्दल बोलताना इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की उतारवयात सुरुवात करून कुणाचं नाव होत नाही. हे मला पटत नाही. डॅन जॉर्ज यांचा जन्म १८९९चा, व्हँकुव्हरजवळच्या त्स्लेल-वॉटुथ या आदिवासी समाजातला. कित्येक वर्षं बंदरात हमाली केली, बस चालवली. अभिनय सुरू झाला तो साठीच्या सुमारास, सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मालिकेतून! ‘लिटल बिग मॅन’मधल्या (१९७०) वृद्ध सरदाराच्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. काय संथ, मिश्किल बोलतात त्यात! पण मला त्याहून मोठं वाटतं ते १९६७मधलं त्यांचं भाषण. कॅनडा देश आपल्या स्थापनेची शताब्दी साजरी करत असताना व्हँकुव्हरच्या भरल्या स्टेडियममध्ये त्यांनी आपल्या लोकांकडून काय काय हिरावलं गेलं ते सांगितलं.