गच्चीवर जायला लोखंडी गोल जिना: नाशिकमध्ये किती खर्च धरावा?

पाथर्डी फाटा
नमस्कार मंडळी. आमचं रो-हाउस आहे, खाली एक आणि वर एक मजला. गच्चीला बिल्डरने जिनाच दिला नाही, मागच्या बाल्कनीतून भिंतीला एक शिडी ठोकून दिली. टाकी धुणारा पोरगा चढतो, मी चढतो. आई मात्र आठ वर्षं शेजारच्या काकूंच्या गच्चीवर कुरडया वाळवतेय आणि दर उन्हाळ्यात मला ऐकवतेय. यंदा काम करायचंच.

बाल्कनी 6 बाय 7 फूट, तिथून गच्ची 10 फूट वर. तीन ठिकाणी विचारलं. अंबडच्या फॅब्रिकेटरने 130 रुपये किलो सांगितलं, "वजन होईल तेवढं". सातपूरचा म्हणतो पायरीमागे 3,200, रेलिंग वेगळं. तिसरा आला, दोन मिनिटं वर बघितलं आणि 85,000 ठोक म्हणाला. तिन्हींची तुलना करायची कशी?

ठिणगी
भाऊ, मी हेच काम करतो, 19 वर्षं झाली. सिंहस्थाच्या कामांमुळे सध्या हात रिकामा नाही, त्यामुळे तुमचं काम मला नकोच. मोकळेपणी सांगतो.

वजन तुम्हीच काढा. 1 मिमी जाडीचा 1 चौरस मीटर पत्रा म्हणजे 7.85 किलो. 5 मिमीची चेकर्ड प्लेट नक्षीमुळे थोडी जड, चौरस मीटरला 42 किलो धरा. 5 फूट व्यासात एका फेऱ्याला 12 पायऱ्या बसवल्या तर एका पायरीची प्लेट साडेसहा किलो, खालची अँगलची फ्रेम धरून 9. साडेसात इंचाचा चढ घेतला की 10 फुटांत 16 चढ होतात, म्हणजे 15 पायऱ्या आणि वरचं लँडिंग. झाले 135 किलो. मधला 4 इंची पाइप मीटरला 12 किलो, 4 मीटर लागेल, म्हणजे 48. रेलिंग, लँडिंग, पाइपच्या तळाची बेसप्लेट मिळून शंभराच्या आत-बाहेर. एकूण 280 किलो. 130 च्या भावाने 36,400.

पायरीवाल्याचे नुसत्या पायऱ्यांचेच 48,000 होतात. किलोवाला स्वस्त दिसतोय खरा, पण त्याला हलकं काम करण्यात काय फायदा? 5 च्या जागी 6 मिमी प्लेट लावली की वजन वाढलं, बिल वाढलं. जाडी आधी कागदावर लिहून घ्या आणि माल तुमच्यासमोर काटा करून घ्या. रंग, वाहतूक, वर चढवणं, फिटिंग त्याच भावात आहे का ते विचारा. पक्कं बिल घेतलंत तर 18 टक्के जीएसटी वर.

आणि पाइपच्या डोक्यावर टोपी वेल्ड करून घ्या. उघडा राहिला तर पावसाचं पाणी आत उतरतं आणि पाइप आतून सडतो, बाहेरून रंग चकचकीतच असतो.

गंगेवरची
आमच्याकडे सहा वर्षांपूर्वी बसवला, म्हणून लिहिते. जिन्याचे 44,000 झाले आणि आम्ही खूश झालो. मग गच्चीचा कठडा तोडून वाट काढायला 9,000, तोडलेल्या जागी गळायला लागलं म्हणून वॉटरप्रूफिंगला 6,500. हे कोणीच आधी बोललं नव्हतं.

पैसे वाचवायला व्यास साडेचार फूट घेतला, ती चूक. मधला पाइप आणि रेलिंग वजा करून माणसाला जेमतेम दोन फूट उरतात. गादी उन्हात टाकायची तर ती दोरीने वर ओढतो. साखरपुड्याला खुर्च्या वर न्यायच्या होत्या, शेवटी खालीच जेवलो.

दुसरं म्हणजे फेरा. आमच्या वेल्डरने पहिली पायरी त्याच्या सोयीने कुठून तरी सुरू केली. आता उतरताना दुसऱ्याच वळणावर छज्जा डोक्यात बसतो. त्याला दुरुस्त करायला बोलावलं तर छज्ज्याला थर्माकोल चिकटवून गेला. अजून तो तसाच आहे, पिवळा पडलेला. तेव्हा आधी जमिनीवर खडूने गोल काढा आणि कुठल्या पायरीवर डोक्यावर काय येतंय ते मोजा.

आईंचं वय झालं असेल तर चढताना उजवीकडे वळत जाणारा जिना करा, म्हणजे उतरताना बाहेरचं रेलिंग उजव्या हाताला येतं. भीती उतरतानाच असते.

आणि कुरडयांचा विषय निघालाच आहे तर, एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता लोखंडी पायरीवर अनवाणी पाय ठेवून बघा. चीक भरलेलं पातेलं हातात आणि मी अर्ध्या जिन्यात नाचतेय, असा माझा फोटो पुतण्याकडे आहे.

कॉलम बीम
भावाचं राहू द्या, बाल्कनीखाली काय आहे ते सांगा. गोल जिन्याचा जवळजवळ सगळा भार एका पाइपवर येतो. 280 किलो लोखंड, त्यावर दोन माणसं, हे सगळं फूटभर बेसप्लेटवर. बाल्कनी नुसती पुढे काढलेली स्लॅब असेल तर तिच्या मध्यावर पाइप रोवू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, त्याची फी जिन्याच्या खर्चातच धरा.

5 फुटांच्या खाली तर जाऊच नका. राष्ट्रीय बांधकाम संहितेत आगीच्या वेळी वापरायच्या गोल जिन्यालाही किमान 1.5 मीटर व्यास सांगितला आहे, म्हणजे तेवढेच.

चिवडा
शेजारच्या काकूंनाच कुरडयांत वाटा द्या. 85,000 वाचतील.

पाथर्डी फाटा
चिवडा, वाटा आठ वर्षं देतोच आहोत, तीच तर आईची तक्रार आहे!

आज खाली उभं राहून पाहिलं. बाल्कनीच्या मध्याखाली काहीच नाही, बीम फक्त भिंतीलगत आहे. ठोकवाल्याला फोन करून विचारलं, तर तो म्हणाला, "85,000 त्याचेच सांगितले, बाल्कनीला खालून लोखंडी चॅनेलचा आधार द्यावा लागेल." म्हणजे दोन मिनिटांत त्याने बरोबर तेच पाहिलं होतं. रविवारी इंजिनिअर येतोय, तोवर कोणालाच आगाऊ देत नाही.

गंगेवरची ताईंचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. म्हणाली, "व्यास साडेपाच फूट कर. पायरी तापली तर चपला घालीन."