देवळालीची बार्न्स शाळा: स्थापना १७१८ ची की १९२५ ची?

गोदातीर: नाशिकजवळच्या देवळालीतील बार्न्स स्कूलविषयी वाचताना एक पेच पडला आहे. काही जण शाळेची स्थापना १९२५ ची सांगतात, तर काही तिचे मूळ १७१८ पर्यंत मागे नेतात. दोनशे वर्षांची ही तफावत कशी पडली? शिवाय अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाची) निवासी शाळा म्हणजे बड्या साहेबांच्या मुलांची सोय, असा माझा आजवरचा समज आहे. तो या शाळेलाही लागू पडतो का?

फोर्टवाला: दोन्ही सनांना आधार आहे. मुंबईच्या फोर्टातील सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडले. त्यासाठी खटपट करणारे ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मगुरू रिचर्ड कॉब यांनी त्याच सुमारास गरीब मुलांसाठी एक छोटी धर्मादाय शाळा सुरू केली. पुढे १८१५ मध्ये आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ धर्माधिकारी) जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे एज्युकेशन सोसायटी’ स्थापन झाली आणि त्या जुन्या शाळेचा भार तिने उचलला. काही वर्षांनी शाळा भायखळ्याच्या प्रशस्त जागेत गेली. मात्र गिरण्यांच्या आणि रेल्वेच्या वाढीबरोबर तो भाग इतका गजबजला, की मुलांच्या निवासासाठी कोरड्या, थंड हवेची जागा शोधणे भाग पडले. देवळालीत १९२३ मध्ये कोनशिला बसली, १९२५ मध्ये निवासी शाळा तेथे सुरू झाली आणि भायखळ्यात क्राइस्ट चर्च ही दिवसाची शाळा मागे राहिली. माझ्या मते खरे महत्त्व १८१५ ला द्यावे, कारण आजही शाळा चालवते ती हीच सोसायटी.

आपला समज मात्र येथे लागू पडत नाही. बडे अधिकारी आपली मुले शिक्षणासाठी विलायतेला धाडत. सोसायटीकडे येत ती साध्या गोऱ्या शिपायांची, अनेकदा वडील दगावलेली आणि पुष्कळदा एतद्देशीय आईच्या पोटी जन्मलेली मुले. त्यांना दोन वेळचे जेवण, अक्षरओळख, ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि पोटापाण्याचे काही कसब द्यावे, एवढाच हेतू होता.

जुनी पाने: मराठी वाचकांना अधिक जवळची वाटेल अशी एक बाब राहिली. याच सोसायटीने १८२० मध्ये एतद्देशीयांच्या शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक समिती नेमली, आणि मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकिर्दीत, १८२२ मध्ये, ती समिती स्वतंत्र संस्था झाली. धर्मशिक्षण देणाऱ्या सोसायटीच्या छत्राखाली हिंदू मुलांच्या शाळा वाढणे कठीण होते, हे ताडून केलेली ही फारकत मला दूरदृष्टीची वाटते. बापू छत्रे या नव्या संस्थेचे एतद्देशीय चिटणीस होते आणि कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणिताची मराठी पुस्तके तयार झाली. आरंभीच्या छापील मराठी क्रमिक पुस्तकांचा माग काढत गेल्यास आपण भायखळ्याच्या त्या अनाथ मुलांच्या शाळेच्या दारापाशी पोहोचतो, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गोदातीर: दोघांचेही आभार. प्रीफेक्ट (शिस्त राखणारे मोठे विद्यार्थी), हाउस (मुलांचे गट) वगैरे व्यवस्था या शाळांत पहिल्यापासून होती का?

वसतिगृहवासी: नव्हती. आरंभीच्या धर्मादाय शाळांत अँड्र्यू बेल यांची ‘मद्रास पद्धत’ चाले. तीत थोडी पुढे गेलेली मुले मागच्या मुलांना शिकवीत, त्यामुळे एका मास्तरावर मोठा वर्ग निभावे. प्रीफेक्टची प्रथा रग्बीसारख्या विलायती शाळांतली; तिथे मोठ्या मुलाकडे शिकवण्याचे नव्हे, शिस्तीचे काम असे. सिमल्याच्या बिशप कॉटन शाळेचे संस्थापक जॉर्ज कॉटन हे रग्बीतच शिक्षक होते, त्यामुळे तेथे ती प्रथा लवकर रुजली.

मी दुसऱ्या एका अँग्लिकन निवासी शाळेत होतो. घंटेवर उठणे, चॅपलमधील प्रार्थना, संध्याकाळचा सक्तीचा अभ्यास आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या मेट्रनची करडी नजर हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच. चॅपलमध्ये बसणारी आम्ही बहुतेक मुले ख्रिस्ती नव्हतो, तरी स्तोत्रे सगळ्यांना तोंडपाठ असत. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि वर्ग इतर भारतीय मुलांनी भरले. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर उत्तरेतील अँग्लिकन चर्चही त्यात विलीन झाले. त्यामुळे या शाळांना आज ‘अँग्लिकन’ म्हणायचे ते केवळ वारशाच्या अर्थाने.