‘गुडबाय बफाना’: मंडेला बघायचे तर शिपायाच्या खांद्यावरून कशाला?

परळकर

परवाच्या पावसात लोकल बंद पडल्या आणि आम्ही चौघं दादरला एका मित्राकडे अडकलो. भजी झाली, पत्ते झाले, मग त्याने ‘गुडबाय बफाना’ लावला. २००७चा सिनेमा, दिग्दर्शक डेन्मार्कचे बिले ऑगस्ट. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: जेम्स ग्रेगरी हा गोरा जेल-शिपाई १९६८मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या रॉबेन बेटावर येतो, मंडेला तिथेच कैदेत. लहानपण शेतावर काळ्या पोरांबरोबर खेळण्यात गेलेलं, त्यामुळे खोसा भाषा येते. म्हणून मंडेलांची पत्रं तपासायची आणि मुलाकातीत कान लावून बसायचं काम त्याच्याकडे. पुढे हळूहळू गडी बदलतो.

शेवटी तिघांचे डोळे ओले. माझे कोरडे. मलाच दगड ठरवलं, म्हणून हा धागा.

सिनेमा ग्रेगरीच्या स्वतःच्याच पुस्तकावर बेतलाय. मंडेलांचे अधिकृत चरित्रकार अँथनी सॅम्पसन यांनी त्या पुस्तकाचे वाभाडे काढलेत. त्यांचं म्हणणं, ग्रेगरी मंडेलांशी फारसा बोलायचाच नाही. पण पत्रं त्याच्या हातून जायची, आणि त्या पत्रांतल्या घरगुती गोष्टी वापरून त्याने ही दोस्ती रचली. मंडेलांनी दावा लावायचाही विचार केला होता. तुरुंग खात्याने पुस्तकाशी संबंध नाही म्हटल्यावर तो विषय सोडला. म्हणजे ज्याने दुसऱ्याच्या बायकोची पत्रं पगार घेऊन वाचली, त्यानेच ती पुढे विकली. आणि आपण त्याच्यासाठी रुमाल काढायचा?

थेंबीचं प्रकरण तर मला पचलंच नाही. मंडेलांचा थोरला मुलगा १९६९मध्ये मोटार अपघातात गेला. बापाला अंत्यविधीलाही सोडलं नाही. त्याच्या आधीच्या वर्षी आई गेली तेव्हाही नाही. सिनेमात या दुःखाचं काय होतं? आपण वर कळवलेल्या माहितीमुळे तर पोरगा गेला नाही ना, या ग्रेगरीच्या टोचणीचा तो धागा होतो. मुलगा मंडेलांचा गेला आणि कॅमेरा शिपायाच्या तोंडावर.

---

अनघा_ठाणे

परळकर, सपशेल असहमत.

थोर माणूस आत गेला आणि थोर होऊनच बाहेर आला, यात नाट्य कुठलं? ते आपण शाळेपासून वाचतोय. मला कडी लावणाऱ्याचं बघायचं होतं. तो काही राक्षस नाही. त्याला क्वार्टर हवंय, बढती हवीय, पोरांची शाळा नीट व्हायला हवीय. त्याची बायको ग्लोरिया घ्या. ती कुणाला काठी मारत नाही, लोकांचे केस कापते. आणि काळ्या-गोऱ्यांचं हे असंच असायचं, देवानेच तसं ठरवलंय, हे ती इतक्या सहज बोलून जाते की माझ्या अंगावर काटा आला. अशी वाक्यं मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ऐकलीत, फक्त माणसं वेगळी.

मंडेलांच्या बायकोला, विनीला, ग्रेगरी एक चॉकलेट पोचवतो तर केवढा बोभाटा होतो! ती व्यवस्था किती भित्री होती हे त्या एका चॉकलेटात कळतं.

आणि मंडेलांच्या आत्मचरित्रात ग्रेगरी आहे हो. १९८४मध्ये पोल्समूर तुरुंगात विनीबाईंना नेहमीच्या काचेसमोर न नेता वेगळ्या खोलीत नेलं, ते ग्रेगरीने. २१ वर्षांनी नवराबायकोने एकमेकांना हात लावला. सुटकेच्या प्रसंगी ज्या पहारेकऱ्यांमुळे माणुसकीवरचा विश्वास पक्का झाला म्हणून ते नावं घेतात, त्यातही ग्रेगरी आहे. ज्यांनी भोगलं त्यांनी माफ केलं, आणि दादरला भजी खाणाऱ्यांचा राग जात नाही!

---

परळकर

भजी कांद्याची होती, नोंद असावी.

त्या यादीत तीन नावं आहेत: स्वार्ट, ग्रेगरी, ब्रँड. यातला क्रिस्टो ब्रँड १९७८मध्ये बेटावर आला तेव्हा पोरगाच होता, विशीही गाठली नव्हती. विनीबाई तान्ह्या नातवंडाला घेऊन आल्या होत्या. मुलं आणायला बंदी. या पोराने ते बाळ गुपचूप आत नेऊन आजोबांच्या हातात क्षणभर दिलं. कुणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती. म्हणजे खरी गोष्ट हाताशी होती आणि यांनी शंकास्पद गोष्ट उचलली! माझा आक्षेप शिपायाला नाही, या शिपायाला आहे.

आणि माफ करणं हा मंडेलांचा मोठेपणा. तो ग्रेगरीच्या पुस्तकाचा दाखला कसा काय होतो?

---

चाफेकळी

दोघांनाही थोडं बाजूला नेते. आपल्याकडे मंडालेतल्या टिळकांबद्दल कुणाच्या तोंडून ऐकायला मिळतं? जेलरच्या नाही. स्वयंपाकाला दिलेला कुलकर्णी नावाचा कैदी होता, त्याच्या आठवणी आहेत. तोही कैदीच, म्हणून त्याच्या सांगण्यात ‘मी कसा सुधारलो’ हे प्रकरण नाही. टिळक काय खात, कधी लिहीत, एवढंच. मला ते जास्त खरं वाटतं.

जाता जाता, रॉबेन बेटावरचा माझा आवडता किस्सा शेक्सपिअरचा. व्यंकटरत्नम नावाच्या भारतीय वंशाच्या कैद्याने त्याच्या समग्र नाटकांच्या पुस्तकाला दिवाळीची शुभेच्छापत्रं चिकटवली, वर देवादिकांची चित्रं. पहारेकऱ्यांना सांगितलं, हा आमचा धर्मग्रंथ. ते पुस्तक मग कोठडी-कोठडीत फिरलं आणि ज्याने त्याने आवडत्या ओळीपाशी सही केली. मंडेलांची सही ‘ज्यूलियस सीझर’मध्ये आहे, भित्रा मरणाआधीच अनेकदा मरतो त्या जागी, तारीख १६ डिसेंबर १९७७. यावर काढा की सिनेमा! पहारेकरी हवाच असेल तर त्यात पोथीला हात जोडणारा दाखवता येईल.

---

अनघा_ठाणे

किस्सा झकास. पण चाफेकळी, तोही कैद्यांच्या हुशारीचाच झाला. कडी लावणारा पुन्हा मूर्ख म्हणून कोपऱ्यात. माझा मुद्दा तिथेच आहे.

---

सातरस्ता

पहिल्यांदाच लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. माझे वडील तुरुंगात शिपाई होते, कुठल्या ते सोडा. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. भोंगा झाला की आई घड्याळ न बघता कुकर लावायची.

आणीबाणीत त्यांच्या बराकीत मिसाबंदी होते. त्यातल्या एका प्राध्यापकांनी माझ्या आत्याच्या नोकरीचा अर्ज इंग्रजीत लिहून दिला होता, तो लागू पडला. म्हणून बाबा त्यांचे मित्र झाले का? मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, “येडा का? सकाळी झडती मीच घ्यायचो त्यांची.” नंतर कधी नाक्यावर ते सर भेटले तर ते स्वतः येऊन बाबांशी बोलायचे. बाबा आधी हात पुढे करायचे नाहीत.

तर परळकरसाहेब, तुमचं एक पटतं. दोस्त म्हणायचं ते आतल्याने, बाहेरच्याने पुस्तक काढून नाही. पण अनघाताईंचंही एक खरं आहे. शिपायाच्या हातात काय असतं? कायदा नसतो, कोर्ट नसतं, पॅरोल नसतो. मुलाकातीची वेळ संपली की पाच मिनिटं भिंतीकडे बघत उभं राहायचं, एवढं असतं. बाबा म्हणतात काही जण बघायचे, काही जण दोन मिनिटं आधीच टाळी वाजवायचे. दोघांचा पगार सारखा.

---

परळकर

सातरस्ता, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. मी टाळी वाजवणाऱ्यांतलाच निघालो असतो अशी शंका येतेय, तो भाग वेगळा. तुमच्या बाबांनी सिनेमा पाहिलाय का?

---

गुमास्ता

सगळे ग्रेगरीवर तुटून पडलेत. डेनिस हेसबर्टने मंडेला काय उभा केलाय त्यावर कुणी दोन ओळी लिहा की! आवाज सोडला तर मला तो फार गुळगुळीत वाटला. खाणीत चुन्याचे दगड फोडून फोडून मंडेलांचे डोळे अधू झाले होते. यांच्या चेहऱ्यावर उन्हाची तिरीप नाही.

---

अनघा_ठाणे

गुमास्ता, सहमत, आणि हे मी परळकरांना उद्देशून कबूल करत नाहीये. सगळ्या आफ्रिकी कैद्यांना सुरुवातीला हाफ पँट आणि मंडेलांचे सहकैदी अहमद कथराडा भारतीय वंशाचे म्हणून त्यांना एकट्याला फुल पँट, असली बारीक क्रूरता मला अजून हवी होती. ‘तू बॉय, म्हणून तुला अर्धी चड्डी.’ ग्लोरियाच्या तोंडच्या वाक्यांना त्याने वजन आलं असतं. पण सिनेमा खोटा म्हणून मोडीत काढायला मी अजून तयार नाही. ब्रँडवर काढाल तेव्हा पहिलं तिकीट माझं.

---

सातरस्ता

परळकरसाहेब, काल रात्री बाबांना लावून दिला, मराठीत समजावत. मध्यंतरापर्यंत जागे होते, मग घोरायला लागले. सकाळी चहाला विचारलं, कसा वाटला? म्हणाले, “गिनती कुठंय रे त्यात? संध्याकाळी गिनती जुळल्याशिवाय कोण घरी जातं? तो आपला सारखा बायकोशी बोलत बसलाय.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “मी झोपलो तेव्हा झाली असेल.”