मदत हवी आहे : १७ वर्षं उभा असलेला मॅसी १३५, इंजिन जाम. ओढून सोडवू की नको?

तांबडा१३५

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांचा मॅसी फर्ग्युसन १३५ आहे. पर्किन्सचं तीन सिलिंडरचं एडी ३.१५२ इंजिन, सहा पुढचे आणि दोन मागचे गिअर, ड्युअल क्लच. वडील होते तोवर त्याला एक दिवस विसावा नव्हता. ते गेले आणि ट्रॅक्टर छपराखाली लागला तो लागलाच, १७ वर्षं जागचा हलला नाही. आता घरात विषय निघाला आहे की भंगारात देऊन टाकू. मला तो द्यायचा नाही. मला तो चालू करायचा आहे.

नांगरट करताना वडील मान वळवून मागे बघायचे, तेव्हा त्यांचा उजवा तळवा मडगार्डवर टेकलेला असायचा. त्या जागी तांबडा रंग घासून गेला आहे, खालचा प्रायमरही गेला आहे आणि मधोमध तळव्याएवढं लोखंड उघडं पडलंय. आसपास सगळीकडे गंज चढला, पण तिथे गंज कमी आहे. नांगर कडक जमिनीत रुतला की टॉप लिंक (नांगराला वरून धरणारा दांडा) मागून स्प्रिंगवर दाब देते आणि लिफ्ट आपोआप किंचित उचलते, हे त्यांनी मला त्याच मडगार्डवर बसवून दाखवलं होतं. त्यामुळे पुढेमागे रंगकाम केलं तरी ती जागा मी तशीच ठेवणार आहे.

आता अडचण सांगते. बॅटरी लावून सेल्फ मारला तर फक्त 'टक्' आवाज येतो. दोनदाच मारला, मग थांबले. क्रँकच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून फिरवून पाहिलं, तसूभर हलत नाही. गिअर न्यूट्रलला होता. एका जाणत्या मेकॅनिकना बोलावलं. ते म्हणाले, "हायच्या तिसऱ्या गिअरात टाका, दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा, क्लच सोडा, दहा फुटांत सुटतं." ते उद्या परवा ट्रॅक्टर घेऊन येणार आहेत. माझं मन घेत नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारणही नाही. कोणी सांगाल का, ओढू द्यावं का? आणि नसेल तर मग काय करावं?

गंजकाढ्या

ताई, आधी त्यांना फोन करा आणि येऊ नका म्हणून सांगा. बाकीचं नंतर वाचा.

हाताने पाना लावला की कुठे अडकतंय, किती अडकतंय हे मनगटाला कळतं. ओढताना ते काहीच कळत नाही. मागे एवढ्या वजनाचा झटका बसतो की पिस्टन सुटला नाही तर कनेक्टिंग रॉड वाकतो, नाहीतर पिस्टनच्या रिंगांच्या खाचा तुटतात. वाकलेल्या रॉडचं इंजिन चालूसुद्धा होतं, म्हणून लोकांना वाटतं की जमलं. मग काही तासांनी ते आतून फुटतं.

आता काही प्रश्न. सायलेन्सर उभा आहे का? त्याच्यावर झाकण होतं का? हाय-लोची (जलद-संथ गिअरची) दांडी कुठे होती? पीटीओची (मागे जोडलेली यंत्रं फिरवणाऱ्या शाफ्टची) दांडी कुठे होती? डिपस्टिक काढून बघितली का, तेल कसं दिसतं?

ढेकूळ

आमचा ओढूनच सुटला होता. ११ वर्षं उभा होता. आजही चालतो. उगाच घाबरवू नका.

गंजकाढ्या

@ढेकूळ, तुमचा नुसता क्लच चिकटला असेल. क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला धरते, ती ओढल्यावर खरंच सुटते आणि काही बिघडत नाही. इथे न्यूट्रलला असताना पुली फिरत नाही म्हणतात. म्हणजे अडकलंय ते इंजिनातच, किंवा क्लच चिकटलेला आणि त्यात पीटीओ लागलेला. म्हणून दांड्यांबद्दल विचारलं.

तांबडा१३५

मेकॅनिकना थांबवलं आहे. त्यांना राग आला नाही, "बघा तुम्ही, लागलं तर हाक मारा" म्हणाले.

हाय-लो न्यूट्रलला, पीटीओ आता सोडवला, तरी पुली हलत नाही. डिपस्टिकवर तेल काळंच आहे, दुधाळ नाही, पातळीही वाढलेली नाही. सायलेन्सर उभा आहे आणि हो, त्यावर झाकण नाही. छपराचा एक पत्रा नेमका त्याच्या वर सरकलेला आहे. हे तुम्ही विचारेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं. रोज तिथून जाते मी.

गंजकाढ्या

मग तिथेच सापडलं असं समजा. इंजिन थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहू शकतो. पाणी उभ्या नळीतून मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून त्या एकाच सिलिंडरमध्ये उतरतं. बाकीचे दोन बहुतेक चांगले असतात. म्हणजे तुमचं सगळं इंजिन गेलेलं नाही, एका लायनरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या नळीत) पिस्टनच्या रिंगा गंजाने धरल्या आहेत. हे मी न बघता सांगतोय, तेव्हा बघूनच पक्कं करा.

तिन्ही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा. प्रत्येक इंजेक्टर दोन नटांवर बसतो. नट काढले तरी तो सहज येत नाही, भोवती गंज सोडवणारं भेदक तेल सोडून रात्रभर ठेवा आणि डावीउजवीकडे हलवत वर घ्या. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका. खाली तांब्याचा वॉशर असतो, तो कित्येकदा भोकातच चिकटून राहतो. तो काढा, बसवताना नवा घाला. जुन्यावर दुसरा चढला की नोझल वर राहतं, मग धूर का येतोय ते महिनाभर कळत नाही.

भोकातून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा घाला. काय दिसतं ते सांगा. तोवर पान्याला हात लावू नका, कारण एक गोष्ट अजून बघायची आहे.

तांबडा१३५

चार दिवस लागले. मधला इंजेक्टर अजिबात येईना, तीन रात्री तेल सोडलं तेव्हा आला.

रेडिएटरकडून पहिला आणि दुसरा सिलिंडर आतून काळपट, पण भिंत चकचकीत. तिसऱ्यात कॅमेरा गेला आणि पोटात गोळाच आला. पिस्टन अर्ध्यावर आहे, त्याच्या माथ्यावर तांबूस चिखलासारखा थर आणि भिंतीवर पिस्टनच्या जरा वर गोल फिरलेला गंजाचा पट्टा. ती ओळ नक्की पाण्याची. एवढं पाणी तिथे साचून होतं आणि मग आटलं असणार.

आणखी कुठली गोष्ट बघायची होती?

गंजकाढ्या

व्हॉल्व्ह. टॅपेट कव्हर (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण) काढा आणि रॉकर शाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह खाली दाबणाऱ्या रॉकरांचा दांडा, उतरवा. पुशरॉड काढताना पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवा, जिथला तिथे परत गेला पाहिजे. शाफ्ट उतरला की सहाही व्हॉल्व्ह स्प्रिंगने वर येऊन बंद व्हायला हवेत. एखादा खालीच राहिला तर तो गंजून उघडा अडकलाय. तसाच ठेवून पिस्टन वर आणला तर पिस्टन त्याच्यावर आदळतो.

तिसरागिअर

मध्येच बोलतो, माफ करा. हे वाचून आठवलं, आम्ही नेमकं हेच केलं नव्हतं. पिस्टन सुटल्याच्या आनंदात पुली फिरवत राहिलो आणि व्हॉल्व्ह वाकला. ताई, ही पायरी चुकवू नका.

तांबडा१३५

अडकलाच होता. तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बाकीच्यांपेक्षा बोटाच्या पेराच्या निम्म्याने खाली होता. स्टेमवर तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकला, तो किंचित खाली गेला आणि तसाच राहिला. मग स्प्रिंगची टोपी दोन स्क्रू-ड्रायव्हरनी वर उचलत, परत ठोकत, परत उचलत. तासभर असं केल्यावर तो एकदम 'टप्' करून वर आला. मी तिथेच खाली बसले थोडा वेळ.

आता पिस्टनचं सांगा.

गंजकाढ्या

शाब्बास. यात निम्मं काम झालं.

आता तिसऱ्यात ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळून ओता. मिश्रण दर वेळी हलवून घ्या, ते वेगळं होतं. अ‍ॅसिटोन भडकतं, तेव्हा मोकळ्या हवेत आणि बॅटरीची वायर काढून. दोन चमचे ओतून उपयोग नाही. हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आहे, पिस्टनच्या माथ्यावर वाटीसारखा खड्डा असतो. थोडं ओतलं तर सगळं वाटीतच बसतं आणि जिथे गंज आहे त्या कडेपर्यंत पोचतच नाही. वाटी भरून कडेवरून चढेल इतकं ओता. बाकीच्या दोघांतही थोडं इंजिन ऑइल घाला.

रोज पातळी बघा. खाली जात असेल तर ते रिंगांतून झिरपतंय, म्हणजे काम चाललंय. परत भरा. हे सगळं शेवटी खालच्या तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं, म्हणून चालू करायच्या आधी इंजिनचं तेल आणि फिल्टर दोन्ही बदलायचं.

आठवड्याने स्टार्टर उतरवा. त्या जागेतून फ्लायव्हीलचे दाते दिसतात. तिथे पट्टी लावून आधी उलट्या बाजूला, मग सुलट्या. जोर लावायचा नाही, नेट लावून धरायचं आणि सोडायचं. केसभर हललं तरी खूप. इंजेक्टर बाहेरच ठेवा आणि भोकांवर फडकं टाका, सुटलं की ते तेल चिळकांडी मारतं, तोंड लांब ठेवा.

ढेकूळ

आणि घाई नको. हे मी ओढून सोडवणारा सांगतोय. वर लिहिलं ते वाचून पटलं.

तांबडा१३५

आज बारावा दिवस. फ्लायव्हील हललं.

आधी उलट्या बाजूला अर्धा दात. मी खडूने खूण करून ठेवली होती म्हणून कळलं, नाहीतर वाटलं असतं भास झाला. मग सुलट एक दात. संध्याकाळपर्यंत पुढेमागे करत बोटभर जागा झाली आणि अंधार पडताना पूर्ण एक फेरा झाला. फडक्यावर तांबडा चिखल आला. आई कंदिलासारखा मोबाइल धरून उभी होती, तिने विचारलं, "झालं?" मला उत्तरच देता आलं नाही.

आता पुढचा प्रश्न. असंच जोडून चालू करून बघू का?

गंजकाढ्या

आजच्या दिवसाला तरी नको. कॅमेरा परत घाला, पिस्टन तळाशी असताना भिंत बघा. नखाला लागतील असे खड्डे त्या पट्ट्याच्या जागी असतील तर रिंगा तिथून प्रत्येक वेळी घासत जाणार, कॉम्प्रेशन गळणार, तेल जळणार. तसं असेल तर हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) उतरवा आणि तिसरा लायनर, पिस्टन, रिंगा बदला. १३५ ची मालिका १९६४ च्या अखेरीस आली आणि हे इंजिन ट्रॅक्टरांशिवाय इतर यंत्रांतही खूप बसवलं गेलं, त्यामुळे लायनरपासून गॅस्केटपर्यंत सुटे भाग आजही मिळतात. बोअर ९१.४४ मिमी, मागवताना तपासून घ्या. टॅपेटची मोकळीक थंड इंजिनला ०.३० मिमी.

आणि जेव्हा केव्हा चालू कराल तेव्हा एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे म्हणून आत्ताच लिहितो. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या डीपीए पंपाच्या आत डिझेल मोजून सोडणारा मीटरिंग व्हॉल्व्ह असतो, तो डिझेल सुकून पूर्ण उघडा अडकू शकतो. मग इंजिन चालू होताच आरडाओरडा करत वेग घेतं आणि स्टॉपची दांडी ओढूनही थांबत नाही. पंप आधी उतरवून पंपवाल्याकडून साफ करून घ्या. तरीही पहिल्या वेळी एअर क्लीनरचा पाइप काढून ठेवा आणि हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डच्या तोंडाशी जाड फळी घेऊन एकाला उभं करा. वेग घेतला की फळी तोंडावर दाबायची, हवा बंद झाली की इंजिन मरतं. हात लावायचा नाही, फळीच.

त्याआधी स्टॉप ओढून सेल्फवर फिरवा, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. मग डिझेलच्या नळ्यांतली हवा काढा.

तांबडा१३५

भिंत पाहिली. खड्डे आहेत. कॅमेऱ्यात नख लागत नाही, पण सावली पडते एवढे खोल आहेत.

हेड उतरवते आहे. ज्यांना ओढायला नको म्हटलं होतं त्याच मेकॅनिकना हाक मारली, लायनर दाबून बसवायचं काम माझ्या एकटीच्या हातचं नाही. ते उद्या येतात. पंप पण उतरवून ठेवला आहे. सायलेन्सरवर सध्या पत्र्याचा डबा उपडा घातला आहे आणि छपराचा पत्रा मी स्वतः वर चढून सरकवला.

हेडचे नट सोडण्याचा क्रम कुणाकडे असेल तर आज रात्रीपर्यंत द्या.