मातिसच्या छायाचित्रांविषयी थोडी भर

अपूर्ण चित्राची छायाचित्रे केवळ नोंदीपुरती असतात, असे एक मत मांडले जाते. छायाचित्रकार डोरा मारने १९३७ मध्ये टिपलेल्या, पिकासोच्या ‘गेर्निका’ या चित्राच्या अवस्थांपुरते ते एकवेळ मान्य करता येईल, फ्रेंच चित्रकार मातिसला मात्र ते लागू पडत नाही. १९३५ मध्ये ‘पिंक न्यूड’ हे पहुडलेल्या नग्न स्त्रीचे चित्र रंगवताना त्याने चित्राच्या वीसहून अधिक अवस्था छायाचित्रांत जतन केल्या आणि रंगवलेल्या कागदाचे तुकडे कॅनव्हासवर टाचून, सरकवून तो पुढचा बदल आजमावत असे. छायाचित्रे कृष्णधवल असल्यामुळे रंगाची भूल पडत नाही, आकारांचा तोल तेवढा दिसतो, आणि मला हाच त्यांचा खरा उपयोग वाटतो. सुरुवातीच्या अवस्थांत देहामागच्या दालनाला खोली आहे. शेवटी निळ्या चौकटींच्या सपाट पार्श्वभूमीवर देह कडेपर्यंत पसरतो. पुढे डिसेंबर १९४५ मध्ये पॅरिसच्या माग गॅलरीत त्याने पूर्ण चित्रांभोवती अशी छायाचित्रे स्वतःहून मांडली होती.