मदत हवी आहे: २००८ चा डीएसएलआर नवीन कार्ड घेत नाही, वर "सपोर्ट बंद" म्हणतात

अनगोळकर
कालपासून कॅमेरा कार्ड घेत नाही. "हे कार्ड वापरता येत नाही" एवढंच येतंय. कार्ड कोरं करकरीत, दुकानात दुसऱ्या कॅमेऱ्यात घालून बघितलं, तिथं चाललं. शिवाय तारीख रोज उडते. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "मॉडेल जुनं, पार्ट येत नाहीत, सपोर्ट बंद" म्हणून ठेवून दिला. रविवारी संकेश्वरला लग्नाचं काम आहे. उपाय सांगा लवकर. आणि शटर अजून खणखणीत असताना कंपनीनं असं वाऱ्यावर सोडायचं काय?

खानापूर_रोड
कार्ड किती जीबीचं? खणाच्या दारावर काय छापलंय, नुसतं एसडी की एसडीएचसी? हे न सांगता कोण काय सांगणार ओ.

अनगोळकर
चांगल्या कंपनीचं आहे, क्लास १०.

खानापूर_रोड
क्लास म्हणजे वेग. मी जीबी विचारले.

अनगोळकर
१२८. दारावर एसडीएचसी आहे. मॉडेलचं नाव लिहीत नाही, मग चर्चा कंपनीवरच घसरते.

खानापूर_रोड
मग कॅमेरा बिघडलेलाच नाही. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ४ ते ३२, त्यापुढं एसडीएक्ससी. हा तिसरा प्रकार आला २००९ मध्ये, तुमच्या कॅमेऱ्यानंतर. त्याची फाइल-रचना एक्सफॅट, तुमच्या कॅमेऱ्याला कळते ती फॅट३२. १६ किंवा ३२ चं एसडीएचसी कार्ड घ्या, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपीईजी मिळून फोटोला १५ एमबी धरले तरी १६ जीबीत हजारभर बसतात. लग्नाला १६ ची दोन बरी. एक गेलं तर निम्मं काम वाचतं.

निपाणी_प्रकाश
नवीन कार्ड कशाला? ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर फॅट३२ मध्ये फॉरमॅट करून घाला. विंडोजची नेहमीची खिडकी ३२ च्या वर फॅट३२ देत नाही, त्याला वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागतं. आतली जोडणी एसडीएचसीसारखीच असते, बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत चालतं.

खानापूर_रोड
"बऱ्याच" म्हणजे सगळ्या नव्हे. कार्ड लागतं, पहिले फोटो नीट येतात, आणि ३२ जीबीची हद्द ओलांडली की काही कॅमेरे गोंधळतात. तोवर अक्षता पडून गेलेल्या असतात. घरी प्रयोग करा, दुसऱ्याच्या लग्नात नको.

टिळकवाडी_लेन्स
पाऊस सुरू झाला की आपल्याकडं लेन्सला बुरशी धरते, खानापूर-जांबोटीकडं तर जास्तच. हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवा. डांबरगोळ्या अजिबात घालू नका, त्यांची वाफ काचेवर बसते.

अनगोळकर
बुरशी नाही ओ. तारखेचं काय?

कॅम्प_लॅब
घड्याळाची वेगळी बारीक बॅटरी असते. काही मॉडेलांत सीआर२०१६ किंवा सीआर१६१६ बटण-सेल, मुख्य बॅटरीच्या खणाजवळ छोट्या ट्रेमध्ये. तो बदलला की झालं. ट्रे दिसत नसेल तर आत रिचार्ज होणारा सेल आहे, तो मुख्य बॅटरीवर चार्ज होतो. तुम्ही बॅटरी काढून कॅमेरा कपाटात ठेवता का? तसं असेल तर तो सेल रिकामाच राहणार. पूर्ण चार्ज बॅटरी घालून २-३ दिवस तसाच ठेवा. तरी तारीख उडाली तर सेल मेला, तो बोर्डावर डाग दिलेला असतो. स्वतः उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो, कॅमेरा बंद केल्यावरही राहतो. स्क्रूही जेआयएस म्हणजे जपानी मापाच्या खाचेचे, आपला साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरून स्क्रूचं डोकं खातो.
रविवारपुरतं: बॅटरी बदलली की तारीख लावा आणि पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढा. नंतर एक्झिफटूल या संगणकावरच्या सॉफ्टवेअरनं सगळ्या फोटोंची वेळ एकदम सरकवता येते.

अनगोळकर
हां, बॅटरी काढूनच ठेवतो. फुगेल म्हणून.

कॅम्प_लॅब
मग कारण तेच दिसतंय. बॅटरी मल्टिमीटरनं बघा: दोन सेलची, ७.४ व्होल्टची असेल तर भरल्यावर ८.४ च्या जवळ पाहिजे. ८ दाखवून शटर दाबताच कॅमेरा बंद पडत असेल तर बॅटरी थकली. खरोखर फुगलेली असेल तर खणात दाबून घालू नका, ती अडकते.

निपाणी_प्रकाश
मूळ प्रश्न राहिला. एक्सफॅट वाचायचं शिकवायला नवीन फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, पुरलं असतं. कंपन्यांनी मुद्दाम केलं नाही.

चिकोडी_फोकस
मुद्दाम म्हणणं बरोबर नाही. एक्सफॅट मायक्रोसॉफ्टचं, परवाना घ्यावा लागायचा, तपशील खुला झाला २०१९ मध्ये. आणि सेन्सर, मुख्य बोर्ड यांच्या चिपा बनवणारी लाइन एकदा बंद झाली की दोनशे बोर्डांसाठी कोणी चालू करत नाही. जपानी कंपन्या उत्पादन थांबल्यावर साधारण ५ ते ७ वर्षं भाग ठेवतात. त्यापुढं कुणी ठेवायचे?

खानापूर_रोड
भाग ठेवू नका, पटलं. पण सर्व्हिस मॅन्युअल, शेवटचं फर्मवेअर, बॅटरी कॅमेऱ्याशी काय बोलते त्याची माहिती, हे खुलं करायला गोदाम लागत नाही. बेळगावात हात चांगले असलेले कारागीर आहेत, त्यांच्याकडं आकृती नाही म्हणून १० रुपयांच्या फ्यूजपायी बोर्ड भंगारात जातो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०२४ पासून कायदा लागू आहे: १०० डॉलरच्या वरच्या वस्तूचे भाग आणि मॅन्युअल ७ वर्षं द्यायचे. तोही जुलै २०२१ नंतरच्या मालाला. २००८ च्या कॅमेऱ्याला कोणीच वाली नाही.

चिकोडी_फोकस
आपल्याकडंही ग्राहक मंत्रालयानं दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात त्याचं पोर्टल आलं. पण क्षेत्रं ठरवली शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं, गाड्या. कॅमेऱ्याचं नाव वेगळं नाही. मॅन्युअल खुलं करा हे मलाही मान्य आहे. "मुद्दाम" तेवढं मान्य नाही.

अनगोळकर
१६ ची दोन मिळाली. कॅमेऱ्यात फॉरमॅट करून ४०० फोटो काढले, एकही एरर नाही. बॅटरी आतच ठेवलीय, तारखेचं शनिवारी सांगतो.

रायबाग_नवखा
माझा २००५ चा छोटा कॅमेरा आहे, नुसतं एसडी छापलंय. ३२ जीबीचं चालेल का?

खानापूर_रोड
नाही. २ जीबीचं शोधा.