पाच किलोमीटरला कसलं प्लॅनिंग, म्हणणाऱ्यांना उत्तर

चाकावरची:
काल 'सरळरेषा' यांनी लिहिलं होतं की शेजारच्या उपनगरात जायचं तर त्यात ठरवायचं काय, मॅप लावा, निळी रेघ धरा आणि निघा, पाच किलोमीटरसाठी रस्ता ठरवत बसणाऱ्यांना दुसरी कामं नसतात. कालपासून ते डोक्यात घोळतंय, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझं म्हणणं अगदी उलट आहे. लांबच्या प्रवासात एखादं वळण चुकलं तर ते पुढच्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये जिरून जातं. पाच किलोमीटरमध्ये एक वळण चुकलं, पुढे दुभाजक सलग असला आणि यू-टर्न दीड किलोमीटरवर असला की जाऊन-येऊन तीन किलोमीटर वाढले, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रवास आणखी झाला. मोठ्या चौकातल्या सिग्नलचं चक्र बऱ्याचदा ९० ते १२० सेकंदांचं असतं, ते एकदा हुकलं की हुकलं. आणि वेगाने ते भरून काढू म्हणाल तर हिशोब करा, ५ किमी ताशी ४० ने साडेसात मिनिटं, ताशी ५० ने सहा मिनिटं. दीड मिनिटाचा फायदा, तोही वाटेत कुठेच थांबावं लागलं नाही तर!

दुसरं म्हणजे उपनगरं आखलीच अशी जातात की आतला रस्ता पलीकडे निघू नये. बंद गल्ली मधल्या रस्त्याला मिळते, मधला रस्ता मोठ्या रस्त्याला, आणि सगळ्यांनी त्या मोठ्या रस्त्यावरच बाहेर यायचं. अमेरिकेतलं रॅडबर्न १९२९ साली मोटारींच्या काळातली वसाहत म्हणूनच बांधलं गेलं, मुलांना वेगळ्या पायवाटांनी, गाड्यांचा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावं हा हेतू होता आणि तो चांगलाच होता. पण त्यानंतर जगभर बंद गल्ल्यांची नक्कल झाली, पायवाटा बहुतेक ठिकाणी गळाल्या. त्यामुळे पाठीला पाठ लावून असलेल्या दोन वसाहतींमधलं अंतर भिंतीवरून अर्धा किलोमीटर आणि गाडीने चार किलोमीटर असं होतं. अशा ठिकाणी तुम्ही कुठल्या गेटने बाहेर पडता आणि समोरच्यांच्या कुठल्या गेटने आत जाता यावरच सगळं ठरतं. मॅप बऱ्याचदा इमारतीला जवळ पडणाऱ्या रस्त्यावर नेऊन सोडतो आणि तिथे नुसती कंपाऊंडची भिंत असते.

म्हणून निघण्याआधी फोन करून गेट विचारा, शाळा सुटायची वेळ आहे का बघा, आणि समोरची वाहतूक कापून वळायचं असेल तर तिथे वळणाचा वेगळा बाण आहे का ते आठवा. यूपीएससारखी पार्सल कंपनी अमेरिकेत रस्ते आखतानाच समोरची वाहतूक कापणारी वळणं जमेल तितकी टाळते, कारण थांबून राहण्यात वेळ आणि इंधन जातं आणि अपघाताचा धोकाही वाढतो. त्यांना कामं नाहीत असं कोणी म्हणेल का?

सरळरेषा:
ताई, इतकं लिहिलंत त्या वेळात मी जाऊन परत आलो असतो.

मॅपला त्या क्षणी रस्त्यावर असलेल्या असंख्य फोनांवरून वेग कळतो. तुम्हाला काय कळतं? मागच्या आठवड्यात काय होतं ते. डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने सगळ्यात जवळची वाट काढायची पद्धत १९५९ मध्ये छापली, त्यावर इतक्या वर्षांत केवढं काम झालं, आणि आपण अजून "मला माहितीये ना रस्ता" करत बसायचं? आमच्या सासऱ्यांच्या माहितीच्या रस्त्याने एकदा गेलो, पुढे पूर्ण रस्ता खोदलेला, मागे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही, सगळं घर गाडीत घामाघूम. मॅप तो रस्ता लाल दाखवत होता पण ऐकायचं कोणाचं तर मोठ्यांचं.

बाबा_ड्रायव्हर:
मोठ्यांवर घसरायचं कारण नाही. खोदकाम रात्रीतून सुरू होतं त्यात सासऱ्यांचा काय दोष? आयुष्यभर गाडी चालवून पोट भरलं आहे म्हणून सांगतो, आजच्या पोरांना स्वतःच्या घराला येणारा रस्ता सांगता येत नाही. फोन केला की म्हणतात "काका लोकेशन पाठवतो". अरे बाबा, पाण्याच्या टाकीनंतर डावीकडे की उजवीकडे एवढं सांग! लोकेशन इमारतीच्या मधोमध येतं आणि मी मागच्या भिंतीशी उभा. बॅटरी संपली की यांचं सगळं ज्ञान संपलं.

गॅरेजवाला:
सगळे रस्त्यावर बोलताय, गाडीचं कोण बघणार. थंड इंजिनवर पाच किलोमीटर जाऊन बंद करायचं, संध्याकाळी परत तेच. ऑइल नीट तापतच नाही, त्यात पाण्याचा आणि न जळलेल्या पेट्रोलचा अंश राहतो. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५०-३०० अंशांच्या आसपास कामाला लागतो, तोपर्यंतचा धूर जवळपास तसाच बाहेर. नवीन डिझेल गाड्यांचं तर आणखी वाईट, काजळीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला सलग चालायला लागतो, तो चान्सच मिळत नाही, मग दिवा लागला की गाडी माझ्याकडे आणि मालक माझ्यावर चिडलेला. प्लॅनिंग करायचंच असेल तर हे करा की पलीकडची तीन कामं एका फेरीत उरका. रस्ता कुठला का असेना.

आतली_गल्ली:
"रस्ता कुठला का असेना" हे वाक्य वाचून राहवलं नाही. तुमच्या सगळ्यांच्या निळ्या रेघेवर माझं घर आहे.

दोन उपनगरांना जोडणारी आतून जाणारी एकमेव वाट आमच्या दारावरून जाते. आधी फक्त आसपासच्यांना माहीत होती. मॅपवर दिसायला लागल्यापासून मोठा रस्ता जरा तुंबला की संध्याकाळी सगळे आत. फुटपाथ नाही, वळणावर झाडामागून पलीकडचं दिसत नाही, आणि लोक हॉर्न दाबून सुसाट. माझ्या मुलीची सायकल दाराबाहेर काढायची सोय राहिली नाही. शेजारच्या आजी पलीकडच्या घरी जायला हात वर करून उभ्या राहतात, कोणी थांबत नाही. हे सगळं तुमची दोन मिनिटं वाचावीत म्हणून.

सरळरेषा:
वाईट वाटतं, पण रस्ता सार्वजनिक आहे. तुमच्या गल्लीचं डांबर माझ्याही टॅक्समधून झालंय. सगळ्यांनी मोठ्या रस्त्यावरच कुजायचं आणि गल्लीवाल्यांनी दारात सायकल खेळायची, हा कुठला न्याय?

आतली_गल्ली:
न्याय विचारताय तर ऐका. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लिओनिया गावाने २०१८ मध्ये हाच वैताग येऊन गर्दीच्या वेळी साठेक गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या, कारण न्यूयॉर्कच्या पुलाकडे जाणारी वाहतूक अ‍ॅप बघून त्यांच्या दारातून वाहत होती. लोक घराबाहेर गाडी काढू शकत नव्हते.

सरळरेषा:
आणि त्याच वर्षी कोर्टाने तो नियम अवैध ठरवला. अर्धी गोष्ट सांगू नका.

आतली_गल्ली:
बंदीचा नियम पडला, त्रास खोटा ठरला नाही! तुम्ही माझ्या दारात एक संध्याकाळ उभे राहा आणि मग कोर्ट सांगा.

पायडल:
डांबराच्या मालकीवर भांडण्यात अर्थ नाही, प्रश्न वेगाचा आहे. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते, ३० ला ८ च्या थोडं वर. आणि धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ५० ची धडक ३० च्या पावणेतीन पट. नेदरलँड्समध्ये १९७६ पासून कायद्याने असे रहिवासी रस्ते आहेत जिथे गाडीने अगदी हळूच जायचं, मुलं रस्त्यात खेळू शकतात. रस्ता सार्वजनिकच आहे, कोणीही जा. फक्त त्या वेगाने गेलात की शॉर्टकटचा फायदा राहत नाही, म्हणून लोक आपोआप मोठ्या रस्त्याने जातात.

आणि मुळात पाच किलोमीटरला गाडी कशाला हे कोणीच विचारलं नाही. सायकलने वीस-पंचवीस मिनिटं.

दुसरी_शिफ्ट:
गाडी कशाला हे मी सांगते. माझी आई शेजारच्या उपनगरात एकटी राहते. ती बाथरूममध्ये पडली तेव्हा मी ड्युटीवरून नुकती आले होते, रात्र झाली होती, मोठ्या रस्त्यावर कंटेनर आडवा झालेला. मी आतल्या गल्लीतूनच गेले आणि परत वेळ आली तरी तिथूनच जाईन. तुमच्या त्या शांत रस्त्याला पाठोपाठ स्पीड ब्रेकर टाकलेत ना, येताना मागच्या सीटवर आई होती, प्रत्येक ब्रेकरला ओरडत होती. कंबरेचं हाड मोडलेलं माणूस घेऊन जाऊन बघा आणि मग वेगाचे वर्ग मांडा.

आतली_गल्ली:
ताई, तुमच्यासाठी मी स्वतः बाहेर येऊन रस्ता मोकळा करून देईन. तुमच्यावर कोणाचा राग नाही. पण तुमच्या मागे जे रोज जिमला उशीर झाला म्हणून येतात ते तुमची आई पुढे करून येतात.

सरळरेषा:
मी जिमला जात नाही, मुलाला क्लासला सोडतो. प्रत्येकाचं कारण त्याला महत्त्वाचंच असतं. तुम्ही गल्लीच्या तोंडाशी बसून कारणं तपासणार का?

बाबा_ड्रायव्हर:
आवाज खाली ठेवा सगळ्यांनी. क्लासला सोडणं आणि हाड मोडणं एका मापाने मोजू नका राव.

चाकावरची:
धागा गल्लीत शिरलाय, पण तिथेच मला बोलायचंय. १९६८ मध्ये डीट्रिश ब्रेस या जर्मन गणितज्ञाने दाखवलं की रस्त्यांच्या जाळ्यात एक जास्तीची वाट उघडली आणि प्रत्येकाने फक्त आपल्यापुरता वेगवान रस्ता निवडला तर काही वेळा सगळ्यांचाच वेळ वाढतो. आतून घुसलेल्या गाड्या शेवटी मोठ्या रस्त्यालाच मिळतात, तेही सिग्नल नसलेल्या तोंडावर, म्हणजे तिथे आणखी एक अडथळा तयार होतो. सरळरेषा, मॅपला तुमची मिनिटं कळतात. त्या आजी कळत नाहीत, वळणावरचं झाड कळत नाही. ते तुम्हाला माहितीये, म्हणून तुम्हीच ठरवायला हवं. दुसरी_शिफ्ट यांनी त्या रात्री तेच केलं, रस्ता बंद दिसला तेव्हा दुसरी वाट आधीपासून डोक्यात होती.

दुसरी_शिफ्ट:
हो, ते खरंय. फोन बघायला हात मोकळा नव्हता.

सरळरेषा:
बरं. गेट आधी विचारून घ्यावं हे मानतो, भिंतीशी जाऊन उभं राहायची वेळ माझ्यावरही आली आहे आणि तेव्हा मॅपचा राग आला होता. क्लास सुटायच्या वेळी दहा मिनिटं आधी निघावं तेही ठीक. पण गल्लीबद्दल माझं मत बदललेलं नाही. मॅप आपोआप आत नेतो, चालवताना मी त्याच्याशी भांडू का?

चाकावरची:
भांडू नका, निघण्याआधी मोठ्या रस्त्यावरचा चौक मधला थांबा म्हणून टाका. मग तो आत वळवत नाही.

गॅरेजवाला:
आणि त्याच चौकात टायरची हवा बघून घ्या, फेरी सत्कारणी लागेल. माझा मुद्दा कोणी वाचलेला नाही, पुढच्या महिन्यात दिवा लागला की वाचाल.

सरळरेषा:
थांबा टाकून बघतो. मोठा रस्ता खोदलेला असेल तर मात्र आत शिरणार, आत्ताच सांगून ठेवतो.

आतली_गल्ली:
शिरा. काटा वीसच्या वर जाऊ देऊ नका आणि वळणावर हॉर्न दाबण्याऐवजी ब्रेक दाबा. निळा दरवाजा दिसला की तिथे मुलगी असते.